चुरीबाईंचा समजावणीचा नियम

चुरीबाईंनी माझ्याविरुद्ध एकूण अकरा तक्रारी केल्या. त्यातल्या नऊ बरोबर होत्या. उरलेल्या दोन चुकीच्या निघाल्या, तेव्हा बाईंनी माझी लेखी माफी मागितली आणि माफी मिळाल्याची पोच माझ्याकडून सही करून घेतली.

नालासोपाऱ्याजवळच्या आचोळ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो, त्या आठवड्यातली गोष्ट. बाई समोरच्याच दारात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुकेळ्यांचा पुडा घेऊन आल्या. भुईगावला त्यांच्या माहेरची केळीची वाडी, तिथल्या राजेळी केळ्यांची सुकेळी. माझ्या बायकोने चहा केला. बाईंनी आमचं गाव विचारलं, मुलांच्या शाळेची चौकशी केली, पाणी कधी येतं, टँकरवाल्याशी कसं बोलायचं, सगळं सांगितलं. अर्धा तास अगदी घरच्यासारख्या बसल्या. मग उठल्या, पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. 'विषय : सामाईक मार्गिकेत चपलांचे कपाट ठेवल्याबाबत तक्रार.'

"अहो बाई, तोंडी सांगितलं असतं तरी मी काढलं असतं," मी म्हणालो.

"तोंडी म्हणजे वाऱ्यावर. उद्या तुम्ही म्हणाल, बाई खवचट आहे, मनाला येईल ते बोलते. कागद वाचा, पटलं नाही तर उत्तर द्या. तो तुमचा हक्क आहे. आणि सुकेळी आज खाऊ नका, अजून दोन दिवस उन्हात ठेवा."

बायको नंतर बराच वेळ सुकेळी खायची की नाही या विचारात होती. तक्रार आणि खाऊ एकाच हाताने देणारं माणूस आम्ही चिपळूणला पाहिलं नव्हतं.

बाई उभा जन्म कोर्टात कारकून होत्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, सुती साडीच्या पदराला पिन. भाचा रविवारी भुईगावहून अबोली घेऊन आला की डोक्यात गजरा, नाहीतर पेन. सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक त्यांनी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून ठेवलं होतं. बिल्डिंगमध्ये ते पुस्तक वाचलेल्या त्या एकट्या. घरातही एकट्याच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. एरवी त्यांचं बोलणं दाव्यातल्या अर्जासारखं इस्त्री केलेलं, पण राग आला की इस्त्री मोडायची आणि भुईगाव बाहेर यायचं. 'मला'चं 'मना' झालं की समजावं, आता आपण गेलो.

आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा बिऱ्हाडं. चेअरमन शहाभाई, त्यांचं तयार कपड्यांचं दुकान. तळमजल्यावर यादव, टेम्पो चालवायचे. त्यांच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर नायर, कुठल्याशा कंपनीत अकाउंटंट. बाकी कोणी सोलापूरचं, कोणी बिहारचं, कोणी मालवणचं. आणि मी सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे ज्या सभेला मी गेलो नव्हतो, त्या सभेत निवडून आलेला.

बाईंनी एक नियम घालून दिला होता. उपविधींत तो कुठेही नाही, हे त्या स्वतःच प्रामाणिकपणे सांगत. "हा माझा. पण मोडलात तर मी इथे आहे." नियम असा : ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला ती समजली पाहिजे. कोर्टात आरोपीलासुद्धा त्याच्या भाषेत विचारतात की बाबा, तुझ्यावर काय आरोप आहे ते तुला कळलं का. मग शेजारी काय आरोपीपेक्षा खालचा? म्हणून तक्रार करणाऱ्याने त्याच्या घरी जायचं, त्याला कळेल त्या भाषेत तक्रार समजावून सांगायची, आणि 'समजली' अशी त्याची सही आणायची. ती सही असेल तरच सेक्रेटरीने कागद घ्यायचा. याचं नाव समजावणी. भाडेकरू असो, मालक असो, राहणारा माणूस म्हणजे राहणारा माणूस.

यादव आणि नायर यांचं पाण्यावरून आणि धुरावरून जुंपलं होतं. नायरांच्या बाल्कनीतल्या कुंड्यांचं पाणी यादवांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं, आणि यादवांचा टेम्पो सकाळी सुरू होताना नायरांच्या घरात धूर जायचा. दोघांनी एकमेकांविरुद्ध अर्ज लिहिले. यादवांनी हिंदीत, नायरांनी भडकून मल्याळममध्ये. यादवांचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, त्यामुळे मला त्या दोन्हीतलं 'विषय' एवढंच कळलं, तेही यादवांचं.

"समजावणी," बाई म्हणाल्या.

"बाई, मेरे को उसका मुँह नहीं देखना," यादव म्हणाले.

"मुँह नका बघू. कागद बघा. तो काय म्हणतो ते कळण्याचा तुमचा हक्क आहे, तो मी सोडू देणार नाही."

पहिल्या संध्याकाळी नायर यादवांच्या दारात उभ्याउभ्याच अर्ज वाचायला लागले. मल्याळममधून इंग्रजीत, इंग्रजीतून त्यांच्या हिंदीत. अर्ध्यात यादवांनी खुर्ची दिली, कारण नायर 'धूर'ला हिंदीत काय म्हणतात ते शोधत होते आणि यादव, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती तेच, शब्द सुचवत होते. दुसऱ्या संध्याकाळी यादव वर गेले. नायरांच्या बायकोने केळ्याचे वेफर्स ठेवले. तिसऱ्या दिवशी दोघे मिळून माझ्याकडे आले आणि म्हणाले की दोन्ही अर्ज परत द्या, कारण धुराचं ते आपसात बघतील, पण कपड्यांवर पडणारं पाणी खरं तर गच्चीवरच्या गळक्या टाकीचं आहे आणि त्याला जबाबदार सेक्रेटरी आहे. मग दोघांनी मिळून माझ्याविरुद्ध एक अर्ज लिहिला. मला तो हिंदीत समजावून सांगितला. मी 'समजली' म्हणून सही केली.

मी बाईंकडे गेलो आणि चिडून म्हणालो, "तुमच्या नियमाने माणसं एकत्र येतात ती माझ्याच विरुद्ध."

"कोणाविरुद्ध का होईना, आली ना?" बाई शेंगा सोलत होत्या. "सावंत, मी कोणाला सांगत नाही की प्रेमाने राहा. कुठला यादव, कुठला नायर, त्यांनी कशाला प्रेम करायचं एकमेकांवर? नियमाने राहा म्हणते. प्रेम मग फावल्या वेळात होतं, झालं तर."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. लिंथोईचं प्रकरण होईपर्यंत मीही तेच करत होतो.

तिसऱ्या मजल्यावर, बाईंच्या बरोब्बर डोक्यावर, लिंथोई भाड्याने राहायला आली. घरमालक विरारला राहायचा, भाडं घेण्यापुरता इकडे यायचा. लिंथोई मणिपूरची, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. बारीकशी, खाली बघून जिना चढणारी. महिनाभरात बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू झालं. तिसऱ्या मजल्यावर फॉरेनची बाई आहे. पासपोर्ट बघितला का कोणी? रात्री जाते, सकाळी येते, काय काम करते? काहीतरी सडकं शिजवते. एकाने तर पोलिसांत कळवायला हवं असंही टाकलं, आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्या रांगेत माझा अंगठा चौथा होता. हे मी सांगायला नको होतं, पण बाईंवर लिहायचं तर लपवून चालणार नाही.

शहाभाईंनी मला ठराव लिहायला सांगितला. माझी भाषा चांगली, असं ते म्हणाले, आणि मी त्याला भुललो. 'इमारतीचे वातावरण व सुरक्षितता लक्षात घेता बाहेरच्या व्यक्तींना सदनिका भाड्याने देऊ नयेत, व सध्या राहत असलेल्या अशा व्यक्तींनी महिनाअखेर सदनिका रिकामी करावी.' कोणाचं नाव नाही, कोणाला वाईट शब्द नाही. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली.

घरमालक घाबरट. सोसायटीने ठराव केला तर पोरीला काढतो, असं त्याने फोनवर आधीच कबूल केलं. दुसरं घर शोधताना दारोदार हेच प्रश्न येणार, हे तिलाही ठाऊक होतं. म्हणजे रविवारच्या सभेत हात वर झाले की लिंथोई महिन्याच्या शेवटी सामान घेऊन रस्त्यावर.

सभा खाली पार्किंगमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये यादवांचा टेम्पो. लिंथोई ड्युटीवरून थेट आली होती, पांढऱ्या कपड्यांतच, डोळे तांबारलेले. मी ठराव वाचला. शहाभाई म्हणाले, "चला, हात वर करा."

"थांबा," बाई म्हणाल्या. "समजावणी झाली?"

शहाभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी कागदाकडे.

"ही इथे बसलीय. तिने काय केलं ते तिला समजावून सांगा. कोण सांगतो? सावंत, अक्षर तुमचं आहे. सांगा."

मी घसा खाकरला. मनात वाक्य जुळवायला लागलो. वातावरण म्हणजे काय, हे हिंदीत सांगायचं तर काय सांगायचं? ती माझ्याकडे बघत होती. मी खाली बसलो.

यादव पुढे आले. "देखो बेटी, बात ऐसी है, पासपोर्ट का…"

"यादव, तुमचा पासपोर्ट दाखवा," बाई म्हणाल्या.

"मेरे को पासपोर्ट किसलिए? मैं तो इंडियन आदमी."

लिंथोईने पर्समधून मतदार ओळखपत्र काढून पुढे केलं. शहाभाईंनी ते लांब धरून वाचलं. "इम्फाळ. हे नेपाळच्या बाजूला ना?"

"बर्माच्या," नायर म्हणाले.

"भारताच्या आत," बाई म्हणाल्या. "पुढचा मुद्दा."

पुढचा मुद्दा वासाचा होता. कोणीतरी मागून 'मच्छी' म्हणालं. लिंथोईने सांगितलं, की हो, मासळी आंबवून सुकवतात, आई गावाहून पाठवते, आठवड्यातून एकदा चटणी करते. बाई माझ्याकडे वळल्या. "सावंत, तुमच्याकडे सुका बांगडा भाजतात तेव्हा मी खिडक्या लावून बसते. तक्रार क्रमांक सात. तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"खाण्यापिण्याचं स्वातंत्र्य," मी पुटपुटलो.

"मोठ्याने."

"खाण्यापिण्याचं स्वातंत्र्य."

माझ्या बायकोने भर सभेत कपाळाला हात लावला.

"रात को जाती है, सुबह आती है," मागचा आवाज अजून संपला नव्हता. लिंथोई पहिल्यांदाच त्या आवाजाकडे वळून बोलली. "नाईट ड्यूटी है, अंकल. सब नर्स रात को घर आएगी तो पेशंट को कौन देखेगा?"

पण शहाभाईंना सभा आटपायची होती. ते म्हणाले, की ठीक आहे, ही मुलगी चांगली आहे, पण ठराव काही हिच्या नावाने नाही. बाहेरच्या लोकांबद्दल आहे.

बाईंनी चष्मा लावला. "बरोबर. मग 'बाहेरचा' कोण ते ठरावात नाही. व्याख्येविना ठराव म्हणजे बुडाविना बादली. व्याख्या करा. मी बसलेय."

कोणीतरी सुचवलं, महाराष्ट्राबाहेरचा तो बाहेरचा. शहाभाई ताडकन उठले. नायर उठले. यादव तर उभेच होते. दुसरा म्हणाला, पंधरा वर्षांपेक्षा कमी राहिलेला तो बाहेरचा. बिल्डिंग बांधून बारा वर्षं झाली होती. मग मला वाटलं, बाईंना खूश करावं. त्या अस्सल भुईगावच्या, पिढ्यान् पिढ्या वाडी कसणारं घराणं. मी म्हणालो, "या जिल्ह्यात जन्मलेला तो आतला, जशा आपल्या बाई. बाकी आपण जुने सभासद म्हणून अपवाद."

"अपवादाचं नंतर बघू. आधी आतले मोजू," बाई म्हणाल्या आणि जिना चढून वर गेल्या. गुडघे दुखायचे, म्हणून बराच वेळ लागला. कोणी उठलं नाही. खाली आल्या त्या शाळा सोडल्याचा दाखला घेऊन. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. माझ्या हातात दिला. "वाचा. जन्मस्थळ."

"मौजे भुईगाव, तालुका वसई," मी वाचलं, "जिल्हा ठाणे."

"ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी रिटायर होऊन घरी बसले होते. तुमच्या व्याख्येने मीही बाहेरची." बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "या जिल्ह्यात जन्मलेलं कोण आहे इथे?"

शेवटी यादवांनी खांद्यावर झोपलेल्या नातीकडे बोट केलं. दीड वर्षाची. इथेच नालासोपाऱ्यातल्या हॉस्पिटलात जन्मलेली.

"झालं तर. ठराव मंजूर करा. महिनाअखेर आपण सगळे निघू. टेम्पो यादवांचा आहेच. ही इथे राहील. शहाभाई, तिला चेअरमन करा, नाहीतरी तुम्हीही सभेत झोपताच."

हसू फुटलं. शहाभाईसुद्धा हसले. मला वाटलं, सुटलो. पण बाई हसत नव्हत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"हसू नका. मना राग आलाय. आता तुम्ही म्हणाल, राहू दे बिचारीला. सावंत, तुम्ही कोन तिला राहू देनारे? देशात कुठेही राहायचा हक्क तिचा आहे, तो घटनेने दिलाय. तुमच्याकडे मागायला आलेली नाही ती. उपकार केलात ना, तर ती जन्मभर जिन्यातून खाली बघून चालेल. ते मना नको. कागद द्या इकडे."

मी कागद दिला. बाईंनी तो फाडला नाही. फाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझ्याकडून त्यावर 'ठराव मागे घेतला' असं लिहून घेतलं, खाली सही, आणि म्हणाल्या, "आता तिला समजावून सांगा, की हा तुम्ही का लिहिला होता." मी लिंथोईसमोर उभा राहिलो. शेवटी म्हणालो, "मालूम नहीं. सबने लिखा, तो मैंने लिखा." आयुष्यात इतकं खरं मी फार कमी वेळा बोललो असेन. लिंथोई म्हणाली, "ठीक है, अंकल," आणि झोपायला वर गेली. तिला दुसरीकडे घर शोधावं लागलं नाही.

त्यानंतर चार वर्षं ती बाईंचे आभार मानत राहिली. दिवाळीला साडी, नवीन वर्षाला मिठाई, भाजी आणली की आधी बाईंच्या दारात. बाईंकडून मराठी लिहायला-वाचायला शिकली. बाई साडी घ्यायच्या, पण कुरकुरायच्या. माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या, "ही पोर अजून पाहुणीच आहे."

शेवटच्या वर्षी बाईंचे कान गेले. यंत्र लावायला तयार नव्हत्या, कानात काही घातलं की कोर्टातल्या त्यांच्या बहिऱ्या साहेबांची आठवण येते म्हणायच्या. दुपारी जेवून त्या मालिका लावायच्या, इतक्या मोठ्या आवाजात की सासू सुनेला काय बोलली ते मी सुट्टीच्या दिवशी दार बंद करूनही सांगू शकत होतो. वर लिंथोईची झोपायची वेळ तीच. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. एकदा हॉस्पिटलात औषध देताना तिचा हात चुकता चुकता राहिला, तेव्हा ती घाबरून माझ्याकडे आली. हातात कागद होता. मराठीत लिहिलेला. 'विषय : दुपारी दूरदर्शन संचाच्या मोठ्या आवाजाबाबत तक्रार.' विरुद्ध : श्रीमती चुरी.

"जाऊ दे गं," मी म्हणालो. "त्यांनी तुझ्यासाठी एवढं केलं."

"म्हणूनच भीती वाटते, अंकल. पण झोप नाही मिळत."

मी तिच्याबरोबर गेलो. लिंथोईने बाईंच्या कानाशी वाकून, मोठ्याने, मराठीत तक्रार समजावून सांगितली. बाईंनी कागद घेतला, चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पेन मागितलं आणि सही केली. ती रडायच्या बेतात होती, म्हणून तिला म्हणाल्या, "जा, झोप जा. तुझी वेळ झाली." आणि ती गेल्यावर माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. इतकी वर्षं समोरासमोर राहून मी ते पहिल्यांदा पाहिलं.

"पाहुनं मानूस आभार मानतं, सावंत. घरचं मानूस कटकट करतं. चार वर्षं वाट बघत होते मी."

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी बाई गेल्या. हृदयविकाराचा झटका, भुईगावला भावाकडे गेल्या असताना. पण मला त्या आठवतात त्या मधल्या एका दुपारी दिसल्या तशा. मी रजेवर होतो. टँकरच्या वेळेबद्दल विचारायला त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. टीव्ही सुरू होता, पण आवाज पूर्ण बंद. बाईंनी खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी पुढ्यात घेतली होती आणि सासू-सुनेचे ओठ हलताना बघून त्या काय बोलत असतील ते ठरवत होत्या. एका वाक्याला रागाने मान हलवली, दुसऱ्याला हसल्या. मी चपला काढता काढता काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावरची माझी सावली बघून त्यांनी वळून ओठांवर बोट ठेवलं आणि छताकडे दाखवलं.

"हळू बोला," त्या कुजबुजल्या. "वर पोर झोपलीय."

कान गेलेल्या माणसाची कुजबूज ती, तळमजल्यावर यादवांनाही ऐकू गेली असेल. मी मान हलवली आणि चपला हातात घेऊनच घरी परत आलो.